गाणी भाड्याची की घरची?

२०२३ मध्ये झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून उतरली. २०२४ मध्ये विंक म्युझिक बंदच झालं. महिन्याला पैसे भरून आपण गाणं विकत घेत नाही, भाड्यानं ऐकतो. मालकानं कुलूप लावलं की आपण बाहेर.

ॲप मी पण वापरतो. नवीन गाण्यांसाठी सोयीचंच आहे. पण आमच्या बाबांकडं १९९४ च्या नामविस्ताराच्या वेळच्या भीमगीतांच्या कॅसेटी आहेत, नांदेडात गाड्यावरून घेतलेल्या. प्रल्हाद शिंदे ॲपवर सापडतात. गावोगाव गाणारे आपले शाहीर, गायनपार्टीवाले सापडत नाहीत. परवा दोन कॅसेटींची फीत चिकटलेली निघाली. ती गाणी गेली ती गेलीच.

नांदेड-लातूरकरांनो, माळ्यावरची पेटी खाली काढा. टेपच्या हेडफोनच्या भोकातून कॉम्प्युटरला एक वायर जोडली की रेकॉर्डिंग होतं. एमपी३ करा, दोन ठिकाणी ठेवा, कव्हरवरच्या गायक-कवींची नावं लिहून ठेवा. कॅसेट फेकू नका.

आपल्या शाहिरांना ॲप सांभाळणार नाही. ते आपल्यालाच करावं लागंल.

तुमच्याकडं कुणाच्या कॅसेटी आहेत? खाली सांगा.