पिकल्या केसांची प्रेमकथा

प्रेमकथा म्हटली, कीं नायक पंचविशीचा व नायिका विशीची, हा संकेत इतका रूढ झाला आहे, कीं साठीपुढील माणसांना कादंबरींत आशीर्वाद देण्याखेरीज दुसरें कामच उरत नाहीं. अलीकडे शिकलेल्या सुना व नाती हा संकेत मोडूं पाहतात. आपल्या आजीआजोबांवरून एक प्रेमकथा लिहावी, असें त्यांच्या मनांत येतें, आणि लगेच घरांतून प्रश्न होतो, “वडील माणसांची अशी चर्चा चारचौघांत करावी काय?” हा प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं.

प्रथम विषयाची योग्यता पाहूं. भवभूतीनें आठव्या शतकाच्या सुमारास ‘उत्तररामचरित’ रचलें. पहिल्याच अंकांत राम व सीता आपल्या गत आयुष्याचीं चित्रें पाहात आहेत; पुढें बारा वर्षांचा वियोग आहे. काळानें मुरलेलें प्रेम हाच त्या नाटकाचा विषय होय. तेव्हां हें खूळ पश्चिमेकडून आलें, असें कोणीं म्हणूं नये.

आपल्या एकत्र कुटुंबांत तर याला आणखी एक कारण आहे. पूर्वीच्या पिढ्यांत दिवसाउजेडीं पत्नीशीं चार शब्द बोलण्याची सोय नसे. पतीचें नांव घ्यावयाचें तें उखाण्यांत. एरवीं ‘इकडून’ म्हणून भागवावयाचें. रमाबाई रानडे यांच्या १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आठवणी वाचाव्या, म्हणजे पतीपाशीं शिकण्यासाठींही घरांतल्या बायकांचीं किती बोलणीं सोसावीं लागत, हें कळतें. कित्येक जोडप्यांना निवांतपणें एकमेकांशीं बोलावयास सांपडलें, तें मुलांचीं लग्नें उरकल्यावर. त्यांची प्रेमकथा उतारवयांत संपत नाहीं. पुष्कळदां ती तेथेंच सुरू होते.

आतां, घरच्या माणसांचें घ्यावें किती? दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशाचे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस यांना १९८२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. १९८५ सालीं त्यांनीं ‘कॉलऱ्याच्या काळांतील प्रेम’ अशा अर्थाच्या नांवाची कादंबरी प्रसिद्ध केली. त्यांचे वडील तरुणपणीं तारमास्तर होते. मुलीच्या वडिलांना हें स्थळ पसंत नव्हतें. त्यांनीं तिला दूरच्या प्रवासास धाडलें, तर वाटेवरच्या तारऑफिसांतून प्रियकराचे निरोप तिला पोहोंचत राहिले. एवढें सारें लेखकानें आईबापांकडून घेतलें. परंतु आईबापांचा विवाह १९२६ सालीं झाला; कादंबरींतील मुलगी मात्र परत येऊन त्या तरुणास नाकारते व एका डॉक्टराशीं लग्न करते. तो एकावन्न वर्षें, नऊ महिने व चार दिवस थांबतो, आणि ती विधवा झाल्यावर पुन्हां तेंच विचारतो. म्हणजे तारुण्य घरचें, वार्धक्य कल्पनेचें. तिची मुलगी या वयांतील प्रेमाचा तिटकारा करते; आपल्या घरांत उठणारा प्रश्न तिच्याही तोंडीं आहे.

भवभूतीनें नेमकें उलट केलें. वाल्मीकींची सीता भूमींत जाते. त्यानें ती रामास परत मिळवून दिली. एकानें मिळालेल्यांची ताटातूट केली, दुसऱ्यानें तुटलेल्यांस मिळविलें. दोघांनींही भाव राखला, घटना बदलली.

माझ्या मतें घरच्या आक्षेपाचें उत्तर यांतच आहे. गांव बदलावें, व्यवसाय बदलावा, मुलांची संख्या बदलावी. विश्वासानें सांगितलेली गोष्ट छापूं नये. वडील माणसें हयात असतील, तर हस्तलिखित प्रथम त्यांना वाचून दाखवावें, आणि “हें नको” म्हणतील तें मुकाट्यानें गाळावें. दिवंगतांच्या बाबतींत अधिक जपावें. कारण त्यांना खुलासा करतां येत नाहीं.

मात्र भिडेपोटीं त्यांना देव्हाऱ्यांतहि बसवूं नये. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रें’त टिळकांचा विक्षिप्तपणा आहे, उभयतांचीं भांडणें आहेत, म्हणूनच तेथें प्रेमहि दिसतें. तीं लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या संसारांतलीं, ही गोष्ट नातवंडांनीं विसरूं नये. तसेंच, म्हाताऱ्यांच्या तोंडीं चंद्र-चांदणें घालूं नये. दांत गेलेल्या नवऱ्यासाठीं ती खलबत्त्यांत विडा कुटते. तिची गोळी तो न विसरतां तळहातावर ठेवतो. दोन दिवसांचा अबोला औषधाच्या वेळेपुरता मोडतो आणि पुन्हां सुरू होतो. लेखणीला एवढें पुरे आहे.

असो. ज्यांना असें कांहीं लिहावयाचें असेल, त्यांनीं वही नंतर काढावी. दुपारीं आजी वाती वळीत बसली असतां तिच्याजवळ जाऊन बसावें, आणि तिला तिच्या सासरच्या पहिल्या वर्षाबद्दल विचारावें. हें काम पुढच्या सुटीवर ढकलूं नये.