मिठाचे शहर, अळणी सहल

"आम्ही साल्झबर्ग केले." डॅन्यूबवरच्या जलसफरीहून परतलेल्या मंडळींच्या तोंडी हे वाक्य आजकाल वारंवार ऐकू येते. माझे भांडण या 'केले'शीच आहे. आपले पणजोबाही काशी करीत, हे मला ठाऊक आहे. परंतु त्या करण्यात महिने जात, पाय झिजत, आणि परतल्यावर गावजेवण घालावे लागे. इथे सकाळी बोटीवर न्याहारी, मग बस, दुपारी शहर आणि रात्री पुन्हा बोटीवर जेवण! मीही गेल्या वर्षी ही सहल घेतली आणि संतापून परत आलो. हा संताप निष्कारण नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

मुळात साल्झबर्ग डॅन्यूबवर नाहीच. ते साल्झाख नदीवर, आल्प्सच्या पायथ्याशी आहे. साल्झाख इनला मिळते आणि इन पासाऊला डॅन्यूबला. आमची बोट पासाऊला थांबली आणि आम्हाला बसने नेण्यात आले. जाऊन-येऊन चारएक तास त्यातच गेले. शहराच्या वाट्याला उरले साडेतीन तास, तेही जेवण धरून. त्या वेळात आम्ही काय पाहिले? 1965 च्या 'द साउंड ऑफ म्युझिक' या चित्रपटामुळे प्रसिद्ध झालेली मिराबेल बाग, मोझार्टचे जन्मघर बाहेरून, मोझार्टच्या नावाची चॉकलेटे आतून, आणि रेसिडेन्झ चौकातली घोडागाडी.

आता या शहराचे नाव पाहा. 'साल्झ' म्हणजे मीठ. जवळच्या हल्लाइनच्या डोंगरातून निघालेले मीठ होड्यांत भरून याच साल्झाखवरून पासाऊकडे जात असे आणि तिथून जनावरांच्या पाठीवरून बोहेमियात. म्हणजे आमची बस ज्या दिशेने परतली, त्याच दिशेने शतकानुशतके मीठ वाहत होते. त्याच मिठाच्या पैशावर ते घुमट आणि वाडे उभे राहिले. चार तासांच्या प्रवासात हे सांगायला वेळ नव्हता, असे कोणी म्हणू नये.

इथले आर्चबिशप धर्मगुरूही होते आणि राजेही. 1077 मध्ये बांधायला घेतलेला होहेनसाल्झबर्ग किल्ला त्यांचाच. 1587 मध्ये गादीवर आलेल्या वोल्फ डीट्रिखने आपल्या प्रिय सालोमेसाठी एक महाल बांधला. तोच आजचा मिराबेल. पुढे मिठावरून त्याचे बव्हेरियाशी भांडण जुंपले, 1612 मध्ये गादी गेली, आणि 1617 मध्ये आपल्याच किल्ल्यात तो कैदी म्हणून मेला. बागेत उभे राहिले की हा किल्ला समोर दिसतो. प्रेम, मीठ, सत्ता आणि कैद, सारे एका नजरेत! आम्हाला सांगितले गेले ते एवढेच, की छायाचित्र इथून चांगले येते.

मोझार्टचेही तेच. 27 जानेवारी 1756 रोजी तो इथे जन्मला, हे सर्वांना सांगतात. 1781 मध्ये इथल्या आर्चबिशपच्या कारभाऱ्याने आपल्याला लाथ मारून बाहेर काढले, असे त्यानेच पत्रात लिहून ठेवले आहे, ते मात्र चॉकलेटच्या दुकानात कोण सांगणार?

आणि तो घोडागाड्यांचा रेसिडेन्झ चौक! 30 एप्रिल 1938 रोजी नाझींनी तिथे पुस्तकांची होळी केली. त्यांत स्टेफान त्स्वाइगची पुस्तके होती. हा लेखक याच शहरातल्या टेकडीवर कित्येक वर्षे राहिला. 1934 मध्ये पोलिसांनी घराची झडती घेतली, तेव्हा त्याने शहर सोडले. त्याच्याही आधी, 1731 मध्ये, आर्चबिशप फिर्मियानने सुमारे वीस हजार प्रोटेस्टंट प्रजेला हाकलून लावले. ज्यांच्यापाशी जमीन नव्हती, त्यांना मुदत दिली आठ दिवसांची, आणि तीही ऐन हिवाळ्याच्या तोंडावर. त्यांच्यामागून मिठाच्या खाणीतले मजूरही गेले. ज्यांच्या घामाचे मीठ शहराने खाल्ले, त्यांच्याशी ते असे वागले. अशा चौकात आम्हाला 'वीस मिनिटे मोकळा वेळ' देण्यात आला.

यावर नेहमीचे उत्तर मला माहीत आहे. "अहो, म्हातारी माणसे असतात, गुडघे दुखतात, एवढे तरी पाहायला मिळते ना?" गुडघ्यांची मला पूर्ण सहानुभूती आहे, माझेही दुखतात. परंतु म्हणूनच सात ठिकाणी धावडवू नका! किल्ल्यावर 1892 पासून दोरखंडाची गाडी जाते. तिथे बसवा, खाली नदी दाखवा, डोंगर दाखवा, आणि एका मिठाची गोष्ट नीट सांगा. दुसरे म्हणणे असे, की सणासुदीला, सुट्टीला निघालेल्या माणसांना होळ्या आणि हद्दपाऱ्या कशाला ऐकवायच्या? मी म्हणतो, आपण मुलांना रायगड दाखवतो तेव्हा टकमक टोक वगळतो का? उलट तिथेच मुले सर्वांत जास्त प्रश्न विचारतात.

दिवाळी संपली की घरोघरी पुढच्या उन्हाळ्याचे बेत सुरू होतात. सफरीची आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी एवढे अवश्य विचारा : शहरात प्रत्यक्ष किती तास, बसमध्ये किती, आणि सांगणारा माणूस शहराविषयी बोलणार की दुकानांविषयी? उत्तर समाधानकारक नसेल, तर त्या दिवशी खुशाल पासाऊलाच उतरून तीन नद्यांचा संगम पाहा. साल्झाखचे पाणी तिथेही येतेच.