जांभ्याची भिंत उघडी ठेवावी काय?

अळणावरात नवे घर बांधू पाहणाऱ्या एका कुटुंबाने आम्हांस विचारले, "फादर, जांभ्याचे चिरे मूळचेच शोभिवंत; मग गिलाव्याचा खर्च कशाला?" घर कर्जाचे असल्याने प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, वाऱ्यावर कठीण होतो. तो चिऱ्यांत कापून घरे बांधतात हे मलबारात पाहून बुकॅनन यांनी १८०७ साली विटेच्या लॅटिन नावावरून त्यास 'लॅटेराईट' म्हटले. परंतु हा दगड सच्छिद्र; पाणी पितो. १६०५ साली पवित्रीकरण झालेल्या जुन्या गोव्याच्या बॉम जेझू मंदिरास पूर्वी गिलावा होता. १९५० च्या दशकात, वास्तू अधिक प्राचीन भासावी म्हणून, तो खरवडण्यात आला. तेव्हापासून ते चिरे पावसाने झिजत आहेत. हौस महाग पडली!

आमचा पाऊसही काही कमी नव्हे. म्हणून आम्ही सुचविले : चिरे आधी काही महिने उघड्यावर वाळू द्यावेत, जोते उंच घ्यावे, वळचण चांगली पुढे काढावी आणि बाहेरून, निदान पश्चिमेस तरी, चुन्याचा गिलावा करावा. नुसत्या सिमेंटाच्या गिलाव्याने आतली ओल कोंडते.

गृहिणी जरा हिरमुसल्या. मग म्हणाल्या, "माजघरातली एक भिंत तरी उघडी ठेवू?"

तिथे पाऊस येत नाही. अवश्य ठेवावी.