नऊ व्होल्टची शांतता

मंडळी, या विकांताचा विषय जरा हटके आहे: सिक्युरिटीवाल्याच्या हातातल्या मेटल डिटेक्टरची बॅटरी. हसू नका!

नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला कोल्हापुरात लाखो लोक येतात. पण फक्त मंदिरच कशाला? मॉल, मल्टिप्लेक्स, आयटी कंपनीचं गेट, कुठेही जा, ते काळं दांडकं अंगावरून फिरतंच. बऱ्याच दांडक्यांत एक साधी चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी असते. आणि आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना ज्याची सगळ्यात जास्त धास्ती, तेच इथे होऊ शकतं: गुपचूप फेल होणं. प्रोग्राम क्रॅश झाला तर निदान कळतं तरी. इथे धातू नसला तरी डिटेक्टर गप्प आणि बॅटरी मेली तरी गप्पच!

म्हणून माझं सरळ मत असं, की ही बॅटरी घेताना ती किती चालते यापेक्षा ती कशी संपते ते आधी बघा.

अल्कलाइन बॅटरीत दीड व्होल्टचे सहा सेल असतात. तिचं व्होल्टेज हळूहळू उतरतं, त्यामुळे 'लो बॅटरी'चा दिवा वेळेवर लागतो. हल्ली यूएसबीवर चार्ज होणाऱ्या लिथियम-आयन बॅटऱ्याही मिळतात. त्यातल्या काहींच्या आतलं सर्किट शेवटपर्यंत ९ व्होल्ट देत राहतं आणि मग फटकन बंद. मोबाईलला चालेल हो, पण इथे दिव्याला इशारा द्यायची संधीच मिळत नाही. शिवाय त्या सर्किटची इलेक्ट्रिकल खरखर डिटेक्टरच्या नाजूक सिग्नलमध्ये मिसळू शकते.

मग रिचार्जेबल घ्यायचीच नाही का? घ्या की, पण निकेल-मेटल हायड्राइड, आणि तीही मॅन्युअलमध्ये चालेल असं लिहिलं असेल तर. त्यातही गंमत आहे. सहा सेलची ७.२ व्होल्टची आणि सात सेलची ८.४ व्होल्टची, दोन्ही '९ व्होल्ट' म्हणूनच विकल्या जातात. ८.४ वाली घ्या. पॅकवर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर'ने सुरू होणारा रजिस्ट्रेशन नंबर आहे ना, तेही बघा.

आता सेफ्टीचं. काही दांडक्यांना चार्जिंगची पिन असते. आत अल्कलाइन असताना तिथे चार्जर लावू नका, बॅटरी गळेल किंवा फुटेलसुद्धा. या बॅटरीची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात, म्हणून किल्ल्या किंवा चिल्लर असलेल्या खिशात ती सुटी टाकू नका, शॉर्ट होऊन तापते. संपली की टोकांवर चिकटपट्टी लावा. आणि कचऱ्यात? अजिबात नाही! २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार अशा छोट्या बॅटऱ्याही गोळा करून रिसायकल करायची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

पण खरा घोळ खरेदी खात्यात होतो. पैसे वाचवायला सगळ्यात स्वस्त झिंक-कार्बन बॅटरी येते, ती लवकर उतरते, आणि बोल मात्र गेटवर बारा तास उभ्या असलेल्या गार्डला. हे मला पटत नाही. त्याला चांगली अल्कलाइन द्या, एक जादा द्या, आणि प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला किल्ल्यांचा जुडगा समोर धरून दांडकं वाजतं का ते बघायला सांगा. पाच सेकंदांचा टेस्ट केस!

बाकी आई अंबाबाई आहेच पाठीशी. पण बॅटरी बदलायचं काम तरी तिच्यावर टाकू नये.