परत न आलेले पत्र

आंबिवलीजवळची, मोहन्याची एन.आर.सी. कंपनी २००९ साली बंद पडली आणि वसाहतीतली बिऱ्हाडे हळूहळू उठली. आजी सांगते, त्या दिवसांत पोस्टमनकाका कुलूप पाहून पत्रावर ‘येथे राहत नाहीत’ असा शेरा मारीत आणि ते आले तिकडे परत धाडीत. परत आलेले पत्र पाहून वाईट वाटे. पण निदान कळे तरी!

ई-मेललाही हीच रीत घालून दिली आहे. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी त्याचे जे नियम लिहिले, त्यांत एक फार सभ्य अट आहे. सर्व्हरने एकदा पत्र स्वीकारले की ते पोचवावे, नाहीतर पोचले नाही असे पाठवणाऱ्याला कळवावे. ‘५५०’ हा शेरा बहुधा ‘या नावाचे येथे कोणी नाही’ असे सांगतो. चाराने सुरू होणारा आकडा म्हणजे ‘आत्ता जमत नाही, मागाहून या’.

ही रीत बिघडवली फुकट्या जाहिरातदारांनी. १९७८ च्या मे महिन्यात अमेरिकेत गॅरी थुर्क या विक्रेत्याने संगणकांची जाहिरात सुमारे चारशे जणांना एकदम पाठवली. तो या पंथाचा मूळपुरुष! आजचे महाभाग तर पाठवणाऱ्याच्या जागी भलत्याचाच पत्ता घालतात. मग सर्व्हर पत्र घेतो, ठिकाण सापडत नाही म्हणून परत धाडतो आणि ज्याने काही पाठवलेच नाही त्या बिचाऱ्याच्या दारात ढीग पडतो. यावर अनेकांनी उपाय काढला तो असा, की संशय आला की पत्र गुपचूप गिळायचे. ना पावती, ना शेरा.

आमच्या वर्गातल्या एका मैत्रिणीने शिष्यवृत्तीच्या अर्जातली चूक दुरुस्त करून एका कार्यालयाला ई-मेल केला. काही परत आले नाही, म्हणून पोचला असे ती समजली. मुदत उलटल्यावर उत्तर मिळाले, ‘आमच्याकडे काही आलेच नाही.’ त्या वर्षीची फी वडिलांनी हातउसने घेऊन भरली.

माझे म्हणणे एवढेच, की नको असलेले पत्र घेण्यापूर्वी दारातच नाकारावे. म्हणजे खऱ्या माणसाला त्याचाच सर्व्हर कळवतो आणि भलत्याला त्रास होत नाही. यावर संगणकाचे एक जाणकार म्हणाले, ‘अशाने कोणता पत्ता जिवंत आहे, हे लबाडांना कळते.’ खरे आहे. पण त्या भीतीपायी प्रामाणिक अर्जदाराला अंधारात ठेवायचे?

मैत्रीण आता ई-मेल करतेच, शिवाय छापील प्रत घेऊन लोकलने जाते आणि दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का मारून आणते.