गद्दार कोण? मागील कोड्याचे उत्तर

मागील अंकातल्या बुद्धिबळाच्या कोड्याला घराघरांतून उत्तरे आली. पट मांडायचा नव्हता, पैज तर नव्हतीच. कागद-पेन्सिल पुरेशी होती. पण बहुतेकांनी घोड्याला दोषी ठरवले आणि घोडा तर बेकसूर आहे! चूक कुठे झाली, ते पाहू.

कोडे असे होते. काळ्या राजाच्या किल्ल्याचे गुपित शत्रूला कळले. ते फोडणारा वजीर, उंट, घोडा आणि प्यादे या चौघांपैकी एकच. गद्दार नेहमी खोटे बोलतो, बाकीचे तिघे नेहमी खरे. राजाने चौघांना विचारले.

वजीर : गद्दार घोडाच आहे.
उंट : मी घोड्याला रात्री तटाजवळ पाहिले.
घोडा : मी गद्दार नाही.
प्यादे : घोडा गद्दार नाही.

घोड्यावर संशय येणे सोपे होते. त्याची चाल अडीच घरांची, वाकडी. तो रात्री तटाजवळ दिसलेला. त्यात खुद्द वजिराने बोट दाखवलेले. वजीर खोटे कशाला बोलेल आणि प्याद्याचे ऐकतो कोण, असा हिशेब अनेकांनी केला.

आता अटी धरून चालू. वजिराचे बोलणे खरे असेल, तर गद्दार घोडा. खोटे असेल, तर गद्दार वजीर. कारण खोटे फक्त गद्दारच बोलतो. म्हणजे काहीही झाले तरी गद्दार या दोघांपैकीच. उंट आणि प्यादे सुटले. सुटले म्हणजे दोघेही खरे बोलणारे ठरले. मग प्याद्याचे म्हणणे मानावेच लागते : घोडा गद्दार नाही. उरला वजीर!

पडताळून पाहा. घोड्याला गद्दार मानले, तर प्यादे खोटे बोलले असे होते. मग घोडा आणि प्यादे असे दोन खोटारडे झाले. अट तर एकाचीच आहे.

आणि उंट? तोही खरेच बोलला. घोडा तटाजवळ होताच. पण तटाजवळ असणे वेगळे आणि गुपित फोडणे वेगळे. खऱ्या गोष्टीवरून खोटा आळ उभा राहतो, तो असा.

अशी कोडी रचण्याची परंपरा जुनी आहे. अब्बासी खलिफांच्या काळात बगदादमध्ये अल-अदली आणि अस-सूली यांच्यासारख्या उस्तादांनी शतरंजवर ग्रंथ लिहिले. पटावर मोहरे मांडून सोडवायला दिलेल्या डावाला अरबीत 'मन्सूबा' म्हणत. आपल्या मराठीतला 'मनसुबा' त्याच शब्दापासून आला. मनसुबा म्हणजे विचार करून आखलेला बेत. विचार आधी, चाल नंतर.

घरातही असेच घडते. कपाटातले पैसे सापडत नाहीत आणि खोलीतून शेवटी बाहेर पडलेल्या मुलावर किंवा कामाला येणाऱ्या बाईवर नजर जाते. मोठ्याने नाव घेतले की बाकीचे माना डोलावतात. संध्याकाळी पैसे उशीखाली सापडतात. पण ज्याच्यावर आळ आला, त्याच्या मनातला सल तसाच राहतो. सूरह हुजुरातमध्ये आलेल्या बातमीची खातरजमा करण्याची आणि संशयापासून दूर राहण्याची ताकीद आहे. खातरजमा न करता नाव घेतले, तर पुढे पस्तावण्याची वेळ येते. म्हणून सांगणारा वजीर आहे की प्यादे, हे पाहण्याआधी त्याचे बोलणे अटींना धरून आहे का, ते पाहावे.

आता या महिन्याचे कोडे. पांढऱ्या राजाच्या हत्ती, घोडा आणि उंट यांच्यापैकी एकच गद्दार आहे.

हत्ती : गद्दार घोडा आहे.
घोडा : मी गद्दार नाही.
उंट : मी गद्दार नाही.

या तीन विधानांपैकी फक्त एकच खरे आहे. या वेळी अट वेगळी आहे, हे विसरू नका : खोटे बोलणारा प्रत्येक जण गद्दार असेलच असे नाही. अम्मी-अब्बांसोबत बसून सोडवा आणि उत्तराबरोबर कारणही लिहा. कारणाशिवाय आलेले बरोबर उत्तर आम्ही अर्धेच धरू. पुढच्या अंकात भेटू, इन्शाअल्लाह.