आवर्तनाचा आरंभ

संध्याकाळीं पाढे म्हणण्याचा परिपाठ आमच्या घरीं अद्याप मोडलेला नाहीं. परंतु गेल्या महिन्यांत आमच्या अकरा वर्षांच्या नातीनें हें काम एका मांजरावर सोंपविलें, आणि त्यांतून जो प्रसंग उद्भवला, तो वाचकांस सांगण्याजोगा आहे.

हें मांजर ‘स्क्रॅच’ नांवाच्या साधनांतलें. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत तें सिद्ध झालें व २००७ सालीं सर्वांस खुलें झालें. त्यांत संगणकास द्यावयाच्या आज्ञा लिहावयाच्या नसतात. आज्ञांचे रंगीत ठोकळे पडद्यावर एकाखालीं एक जुळवावयाचे असतात. एखादी कृति पुनःपुन्हां करावयाची असली, कीं त्यासाठीं अडकित्त्यासारखा जबडा वासलेला एक ठोकळा असतो. त्यावर आवर्तनांची संख्या घालावी. जबड्यांत जें धरावें, तें तितके वेळां घडतें. मात्र कितवें आवर्तन चालूं आहे, याची नोंद आपली आपणच ठेवावी लागते. त्यासाठीं, बीजगणितांत आपण ज्यास चल म्हणतों, तें एक करून घ्यावें लागतें.

नातीनें ‘ओळ’ नांवाचें चल केलें, दहा आवर्तनें घातलीं, आणि जबड्यांत दोन आज्ञा ठेवल्या: ओळ एकानें वाढव, मग सतरा गुणिले ओळ किती, तें बोल. हिरव्या झेंड्यावर टिचकी मारतांच मांजरानें १७ पासून १७० पर्यंत पाढा बिनचूक म्हटला. आजीला दाखविण्यासाठीं तिनें पुन्हां झेंडा दाबला, तों मांजर १८७ पासून सुरू झालें ! पोरीचे डोळे भरून आले. “आजोबा, हें बिघडलें हो !”

बिघडलें कांहींच नव्हतें. नवें चल शून्यावर असतें, म्हणून पहिला पाढा साधला. पण खेळ थांबला तरी चल आपली किंमत विसरत नाहीं. तें दहावरच उभें होतें. आरंभ कोठून करावयाचा, हें आपण सांगितलेंच नव्हतें. मग तिनें ‘ओळ शून्य कर’ अशी आज्ञा घातली, पण घाईनें ती जबड्याच्या आंत, अगदीं वर. तेव्हां मांजर दहाही वेळां सतराच म्हणत बसलें.

मीं तिला देवघराकडे बोट दाखविलें. चतुर्थीला आम्ही अथर्वशीर्षाचीं एकवीस आवर्तनें करतों. शांतिमंत्र आरंभीं एकदां, फलश्रुति अखेरीस एकदां. मधलें तेवढें एकवीस वेळां. दर आवर्तनास एक सुपारी वाटींत टाकतों, आणि बसण्यापूर्वीं वाटी रिकामी आहे ना, हें पाहून घेतों. दर सुपारीगणिक वाटी रिकामी केली, तर मोजदाद कशी राहील ? पोर हंसली. ती आज्ञा तिनें जबड्याच्या वर नेली. त्यानंतर कितीही वेळां झेंडा दाबला, तरी पाढा १७ पासूनच निघाला.

बर्कले येथील विद्यापीठाच्या ‘स्नॅप’ या साधनांत आरंभ व शेवट या दोहोंसाठीं जागा असलेला आयता ठोकळा मिळतो. तेथें ही चूक सहसा होत नाहीं.

मांजराचा प्रश्न सुटला. माझ्या मनांत मात्र एक जुनी गोष्ट वर आली. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मीं एका वर्गास सांगितलें होतें, “सतरा सतरा मिळवीत दहा ओळी लिहून आणा.” एका मुलानें आदल्या दिवशींच्या १७० च्या खालीं १८७ पासून ३४० पर्यंत दहा ओळी लिहून आणल्या. त्यांत एकही चूक नव्हती. मीं त्याला तासभर बांकावर उभें केलें. आरंभ न सांगितल्याचा दोष माझा. शिक्षा त्यानें भोगली. यंत्राला बांकावर उभें करतां येत नाहीं, म्हणून तेथें आपली चूक शोधणें भाग पडतें.

तेव्हां मुलांजवळ बसणाऱ्या वडील मंडळींस माझी एवढीच विनंती आहे. आवर्तन मांडतांना कोठून, कोठवर आणि कितीनें, हें आधीं विचारावें. मग आंत काय व बाहेर काय, तें पाहावें. आणि मुलाला रागें भरण्यापूर्वीं आपण काय सांगितलें होतें, तें एकदां आठवावें. तो मुलगा आज पन्नाशी ओलांडून गेला असेल. कोठें भेटला, तर त्याची ती वही बरोबर होती, असें मला त्यास सांगावयाचें आहे.